ग्वाल्हेर परिसरात सापडणारी जुनी बटणे, बिल्ले आणि बाणाग्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्करमधल्या जुन्या वाड्यांचे पाये उकरले जातात, मुरारला नळासाठी चर खणले जातात, पानिहारच्या बाजूला नांगरट होते आणि दर पावसाळ्यानंतर ओढ्यानाल्यांच्या काठावर काहीतरी उघडे पडते. मग त्या वस्तूचे छायाचित्र आमच्याकडे येते आणि त्यासोबत बहुतेक वेळा तेच प्रश्न येतात. ते येथे एकत्र केले आहेत. ज्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अंगण उकरताना एक गंजलेली गोल चकती मिळाली. ती बटण आहे, नाणे आहे की बिल्ला, हे घरच्या घरी कसे ठरवावे?

वस्तूची पाठ आधी पाहावी. नाण्याला दोन्ही बाजूंनी छाप असतो. बटणाच्या पाठीवर तारेची कडी असते, ती तुटली असल्यास तिच्या डाखाचा छोटा उंचवटा किंवा गोल डाग राहतो, आणि कडी नसेल तर मध्यभागी दोन किंवा चार भोके असतात. बिल्ल्याची पाठ बहुधा कोरी असते आणि काठाजवळ एक भोक किंवा वर एक कान असतो. त्यानंतर लोहचुंबक लावून पाहावा. तांबे, पितळ, चांदी आणि शिसे चिकटत नाहीत, म्हणून चकती चिकटली तर ती लोखंडाची आहे किंवा निकेलच्या वा अगदी अलीकडच्या पोलादी नाण्यांपैकी आहे, असे समजावे.

या नियमाला एक अपवाद वारंवार भेटतो. चांदीच्या नाण्यांना कडी डाखून त्यांची बटणे किंवा गळ्यातल्या माळा करण्याची पद्धत घराघरांत होती, त्यामुळे पाठीवर कडी असलेली वस्तू मुळात नाणे असू शकते. अशी कडी उपटून काढू नये, कारण नाण्याचा पुढचा प्रवास त्या कडीवरूनच कळतो.

२. वस्तू स्वच्छ केल्याशिवाय काही दिसत नाही. चिंचेने किंवा पितांबरीने घासली तर चालेल का?

चालणार नाही. तांब्यावरचा हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे नुसता मळ नव्हे. झिजलेल्या नाण्याची अक्षरे पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतात आणि आम्लाने थर गेला की अक्षरेही जातात. प्रस्तुत लेखकाने शाळकरी वयात दौलतगंजातल्या वाड्यात सापडलेले एक चिमुकले तांब्याचे नाणे चिंच आणि राख लावून असे लख्ख केले होते, की ते कोणाचे होते हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

सुकी माती लाकडी काडीने किंवा मऊ कुंचल्याने हळूच काढावी. तांबे, पितळ किंवा चांदी असेल तर फार तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पूर्ण वाळवावे, मात्र लोखंडाला पाणी लावू नये. तांब्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी पुन्हापुन्हा उमटत असेल तर ती क्षारांमुळे चाललेली झीज असते. अशी वस्तू इतर वस्तूंपासून वेगळी ठेवून डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी. शिशाच्या वस्तूवर पांढरा थर असतो, तो विषारी असल्यामुळे हाताळल्यावर हात धुवावेत.

३. माझ्याच जागेत सापडले, म्हणजे ते माझेच झाले ना?

आपोआप नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८, ज्याला बोलण्यात गुप्तधनाचा कायदा म्हणतात, तो आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या कशातही दडलेली कोणतीही मोलाची वस्तू त्याच्या व्याख्येत बसते, आणि तिचे मोल दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. त्या पत्रात वस्तूचे स्वरूप, अंदाजे मोल, जागा आणि तारीख लिहायची असते. त्यासोबत वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यावी लागते. दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ सालची आहे, त्यामुळे आज चांदीचा एक रुपयाही ती सहज ओलांडतो.

पुढे जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांसाठी चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख ठरवतात. मूळ मालक पुढे आला नाही, जागेच्या मालकाचा दावा निर्विवाद ठरला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याला व उरलेला जागेच्या मालकाला मिळतो. सरकारला वस्तू हवी असल्यास धातूच्या मोलावर एक पंचमांश जास्त देऊन ती घेता येते. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लोक या कायद्याला भितात, पण त्यातला सापडणाऱ्याचा वाटा वाचल्यावर ती भीती बरीच कमी होते.

४. वाड्याची भिंत पाडताना कोनाड्यामागे नाण्यांचे मडके मिळाले. हे तर जमिनीत नव्हते!

तरीही ते कायद्यात येते. प्रश्न ३ मध्ये सांगितलेले ‘जमिनीला जखडलेल्या कशातही’ हे शब्द नेमके यासाठीच आहेत, कारण भिंत जमिनीला जखडलेली असते. उलट आजीच्या पेटीत, देवघरात किंवा कपाटात पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली नाणी दडलेली नसतात, ती वारशाने आलेली असतात आणि त्यांना हा अधिनियम लागत नाही. मडके सापडल्यास नाणी वाटून घेऊ नयेत आणि मडक्याचे तुकडेही टाकून देऊ नयेत. कोणते नाणे कोणासोबत दडवले होते, यावरूनच ते कधी पुरले हे ठरते.

५. किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा पानिहारच्या शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन शोध घेतला तर?

आमचे उत्तर ‘घेऊ नये’ असे आहे. ग्वाल्हेरचा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक अधिनियमानुसार संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीभोवतीचे १०० मीटर निषिद्ध व त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. राज्य संरक्षित स्थळांसाठी मध्य प्रदेशाचा १९६४ चा वेगळा अधिनियम आहे.

पानिहार आणि महाराजपूर येथे २९ डिसेंबर १८४३ रोजी, एकाच दिवशी शिंद्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात दोन लढाया झाल्या. शेतातल्या शिशाच्या गोळ्या जेथे पडल्या तेथेच असतील तर फळी कोठे उभी होती आणि ती कोणत्या बाजूने मोडली हे त्यांच्या विखुरणीवरून काढता येते. पिशवीत भरून आणलेल्या दोनशे गोळ्या फक्त दोनशे गोळ्या असतात. नांगरताना वर आलेली वस्तू उचलून तिची जागा नोंदवणे वेगळे, आणि मुद्दाम खणणे वेगळे.

६. ओळखीसाठी छायाचित्र कसे काढावे आणि काय लिहावे?

दोन्ही बाजू आणि काठ, दिवसाच्या तिरप्या उजेडात, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून टिपाव्यात, आणि सराफाच्या काट्यावरचे वजन ग्रॅममध्ये लिहावे. जागा लिहिताना नुसते ‘मुरार’ पुरत नाही. कोणती गल्ली किंवा कोणते शेत, किती खोल, वर भराव होता की मूळ माती, आणि आणखी काय मिळाले, हेही हवे. भरावाची चौकशी विशेष करावी, कारण शहरात माती ट्रकने फिरते आणि हजिऱ्याला सापडलेले बटण मूळ लष्करमधल्या कंपू वस्तीतले असू शकते.

७. बटणाचा काळ ढोबळमानाने कशावरून कळतो?

बांधणीवरून. सपाट, एकसंध धातूची चकती आणि पाठीवर डाखलेली तारेची कडी ही जुनी पद्धत आहे. पुढचा फुगीर पत्रा मागच्या पत्र्यावर काठाशी दुमडून बसवलेले पोकळ, दोन तुकड्यांचे बटण एकोणिसाव्या शतकात रुळले आणि गणवेशांवर आजही तेच दिसते. चार भोकांची पातळ पत्र्याची बटणे बहुतेक विजारीची असतात. शिंपल्याची बटणे बारकाईने पाहिली तर थरांची चमक दिसते, आणि बेकेलाइटची असतील तर ती विसाव्या शतकातलीच, कारण तो पदार्थच १९०७ सालचा आहे.

पाठीवरची अक्षरे मात्र अवश्य वाचावीत. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचे नाव आणि पत्ता तेथे असतो. पत्ता बदलत गेल्यामुळे पुढच्या चिन्हापेक्षा पाठीवरून काळ जास्त नेमका ठरतो.

८. बटणाच्या पाठीवर इंग्रजीत ‘ट्रेबल गिल्ट’ किंवा ‘रिच गोल्ड कलर’ लिहिले आहे. ते सोन्याचे आहे का?

नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बटण-कारखानदारांची ती जाहिरातीची भाषा होती. पितळेवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असे, आणि ‘तिप्पट मुलामा’ म्हणजे तो जरा बरा दिलेला, एवढाच त्याचा अर्थ. सराफाकडे कसोटीवर घासायला देऊ नये, बटण तेवढे खराब होईल.

९. बटणावर फक्त एक आकडा आहे. तो कशाचा?

ब्रिटिश पायदळाच्या पलटणी १८८१ पर्यंत क्रमांकाने ओळखल्या जात, म्हणून तो आकडा बहुधा पलटणीचा असतो. साध्या शिपायांची बटणे १८५५ पर्यंत कथलाच्या करड्या मिश्रधातूची होती, नंतर ती पितळेची झाली, आणि १८७१ मध्ये आकडा जाऊन सर्वांना राजचिन्हाचे एकच बटण मिळाले. अधिकाऱ्यांच्या बटणांवर आकडा १८८१ पर्यंत राहिला. म्हणजे करडे, मऊ, आकडा असलेले बटण १८५५ पूर्वीचे, आणि तसेच साधे पितळी बटण १८५५ ते १८७१ मधले, एवढे घरबसल्या सांगता येते.

आपल्याकडे हा फरक उपयोगी पडतो, कारण येथे दोन मोहिमा या सीमारेषेच्या दोन बाजूंना पडतात. १८४३ मध्ये महाराजपूरला ३९ व ४० क्रमांकाच्या आणि पानिहारला ३ व ५० क्रमांकाच्या ब्रिटिश पलटणी होत्या. जून १८५८ मध्ये मुरार व कोटा की सराय येथे ७१ आणि ९५ क्रमांकाच्या पलटणी लढल्या. मुरार ही पुढेही छावणी राहिली आणि किल्ला १८८६ पर्यंत इंग्रजांकडेच होता, म्हणून एकट्या बटणावरून ‘राणी लक्ष्मीबाईंच्या लढाईतले’ असे म्हणू नये. ते बटण एखाद्या शिपायाने दहा वर्षांनी बाजारात हरवलेले असणे अधिक संभवते.

१०. मुकुट आणि इंग्रजी आद्याक्षरे असलेल्या बटणाचे काय?

आद्याक्षरे वाचता आली तर काम सोपे असते. व्हिक्टोरियाची ‘व्ही आर’ ही अक्षरे १९०१ पर्यंतची आहेत. तिने सम्राज्ञीपद धारण केल्याची घोषणा १ जानेवारी १८७७ रोजी झाली, म्हणून तिसरे ‘आय’ असेल तर वस्तू त्यानंतरची. ‘ई’ एडवर्डचे आणि ‘जी’ जॉर्जचे. अक्षरे झिजली असतील तर मुकुट पाहावा. १९०१ ते १९५२ च्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल चढतात, तर १९५३ नंतरच्या मुकुटात त्या मध्यभागी खचतात. खचलेल्या मुकुटाचे बटण स्वतंत्र भारताच्या गणवेशावरचे असणे शक्य नाही, कारण १९५० पासून येथे सिंहमुद्रा आली. असे बटण मिळाल्यास ते कोणाच्या तरी जुन्या परदेशी कोटाचे समजावे.

११. नाग आणि सूर्य असलेले बटण शिंद्यांच्या फौजेचे का? आणि मराठा शिपायांची अठराव्या शतकातली बटणे का सापडत नाहीत?

फणा काढलेले दोन नाग आणि सूर्य हे ग्वाल्हेर संस्थानाचे चिन्ह आहे, हे खरे. पण ते फौजेइतकेच पोलीस, दरबारी नोकर आणि इतर खात्यांच्या बटणांवरही असे, म्हणून चिन्हावरून संस्थान कळते, खाते कळत नाही. आकार, कारखानदाराचे नाव आणि सोबतची अक्षरे पाहावी लागतात. ‘मध्य भारत’ असे लिहिले असेल तर काळ अगदी नेमका मिळतो, कारण ते राज्य १९४८ ते १९५६ एवढेच होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिंप्याकडे आहे. अंगरखा आणि बाराबंदी बंदांनी बांधतात, आणि जेथे लागे तेथे कापडाची गुंडी असे. कापड मातीत उरत नाही. धातूच्या बटणांचा कोट आला तो युरोपीय धर्तीच्या कवायती पलटणींबरोबर, म्हणजे शिंद्यांच्या पदरच्या दे बॉइन आणि त्याच्यानंतर पेरॉन या युरोपीय सेनानींनी उभ्या केलेल्या कंपूंबरोबर. लष्करमधल्या कंपू या वस्तीचे नाव त्याच शब्दाचे आहे. त्यामुळे १८०० च्या आसपासच्या थरात धातूचे बटण न मिळणे ही उणीव मानण्याचे कारण नाही.

१२. माझ्याकडे १८१८ सालचे, ईस्ट इंडिया कंपनीचे, रामदरबार असलेले नाणे आहे. त्याची किंमत लाखांत आहे म्हणतात.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो. रामदरबार किंवा हनुमान, १८१८ हे साल, ‘एक आणा’ किंवा ‘अर्धा आणा’ आणि ‘यूकेएल’ अशी अक्षरे असलेले नाणे कंपनीने कधीही पाडले नाही. ती अलीकडे तयार केलेली वस्तू आहे. कंपनीच्या सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी १८३५ मध्ये सुरू झाली. त्यांतला तांब्याचा पाव आणा सुमारे ६.४७ ग्रॅमचा आणि अर्धा आणा त्याच्या दुप्पट असतो, आणि त्यांवर कंपनीचे सिंहांचे राजचिन्ह आहे.

अपवाद सांगणे आवश्यक आहे. मद्रास इलाख्याच्या सोन्याच्या होनांवर देवतांच्या आकृती खरोखरच होत्या, आणि अकबराच्या अखेरच्या काळातली राम-सीतेची मुद्राही खरी आहे, पण त्या जगात मोजक्याच आहेत आणि अंगणात सापडत नाहीत. यांहून वेगळा प्रकार म्हणजे रामटंका. तो पूजेसाठी किंवा यात्रेची आठवण म्हणून केलेला धार्मिक बिल्ला असतो. त्यावरचे फार जुने साल खरे धरायचे नसते. झिजलेला, पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू लागलेला रामटंका सुंदर वस्तू आहे आणि देवघरातच शोभतो.

१३. नाण्यावर १९७० लिहिले आहे, मग ते जुने कसे?

ते साल विक्रम संवताचे आहे. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो, संवताच्या शेवटच्या महिन्यांसाठी ५६. माधवराव शिंद्यांचे चित्र एका बाजूला आणि नागांचे राजचिन्ह दुसऱ्या बाजूला असलेला तांब्याचा पाव आणा संवत १९७० चा, म्हणजे १९१३ चा आहे. जिवाजीरावांच्या नाण्यांवरचे १९८६ आणि १९९९ ही साले अशीच १९२९ आणि १९४२ ची होतात. ही यंत्राने पाडलेली नाणी लष्करमध्ये पुष्कळ मिळतात.

फारसी नाण्यांवर हिजरी साल असते. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. उदाहरणार्थ, १२२८ हिजरी म्हणजे सुमारे १८१३.

१४. जाड, वेड्यावाकड्या तुकड्यावर अर्धवट उर्दू अक्षरे आहेत. हा ताईत आहे का?

बहुधा ते शिंद्यांचेच नाणे आहे. हाताने पाडलेल्या नाण्यांत धातूची गोटी ठशापेक्षा लहान असे, म्हणून लेखाचा एक तुकडाच उमटे, आणि ती लिपी उर्दूची नसून फारसी लेखाची असते. नाव मोगल बादशहाचे, शाह आलमचे किंवा दुसऱ्या अकबराचे, असते. खरा मालक लहान चिन्हांवरून ओळखायचा असतो. त्रिशूळ, साप, धनुष्यबाण अशी चिन्हे आणि एखादे नागरी अक्षर शोधावे. लष्करच्या टाकसाळीत बायजाबाईंच्या काळी ‘श्री’, जनकोजीरावांच्या काळी ‘ज’ आणि जयाजीरावांच्या काळी ‘जी’ असे आद्याक्षर येते, हे एकदा लक्षात आले की नाणे त्या त्या कारकिर्दीत बसवता येते. उज्जैन, भेलसा, ईसागढ, शिवपूर अशा शिंद्यांच्या इतर टाकसाळींची नाणीही ग्वाल्हेरात सापडतात.

दोन्ही बाजूंना नागरीत ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ असे शब्द असतील तर ती शिवराई आहे. ती येथे पाडलेली नसून दक्षिणेतून कोणाच्या तरी कनवटीला आलेली असते. आपल्या घराण्यांच्या स्थलांतराचा इतका हलका आणि इतका खात्रीचा पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

१५. मसुराच्या डाळीपेक्षा थोडे मोठे तांब्याचे गोळे पवाया गावाकडून आले आहेत. हे मणी आहेत का?

भोक नसेल तर भिंगाखाली नंदी शोधावा. पवाया म्हणजे प्राचीन पद्मावती, नाग राजांची राजधानी, आणि त्या राजांची तांब्याची नाणी आठ-दहा मिलिमीटरची असतात. गणपतिनागाच्या नाण्यांवर नंदी आणि ‘महाराज श्री गणेन्द्र’ असा ब्राह्मी लेख येतो. गुप्तांच्या प्रयाग-प्रशस्तीत समुद्रगुप्ताने जिंकलेल्या राजांत ज्याचे नाव आहे तोच हा गणपतिनाग, म्हणजे नाणी सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी पवायाला उत्खनन केले होते. हे प्राचीन स्थळ आहे, म्हणून तेथून वस्तू ‘आणण्या’बद्दल प्रश्न ५ आधी वाचावा. आणि या नाण्यांच्या बाबतीत प्रश्न २ दोनदा वाचावा.

१६. पितळेच्या बिल्ल्यावर फक्त क्रमांक आहे. तो कसला?

गिरण्यांचे हजेरीचे बिल्ले, उपाहारगृहाचे टोकन, हमालाचा परवाना, नगरपालिकेचा सायकलकराचा बिल्ला, हे सगळे दिसायला सारखेच असतात. संस्थेचे नाव किंवा वर्ष असेल तर ओळख लागते. सायकलीच्या बिल्ल्यावर वर्ष असतेच, कारण तो दरवर्षी नवा घ्यावा लागे. नुसता क्रमांक असेल तर जागा पाहावी. बिर्लानगरच्या गिरणीवस्तीत मिळालेला आणि सराफ्यात मिळालेला एकच बिल्ला दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो.

मोठी, लंबगोल, दोन्ही टोकांना खाचा असलेली पितळी पट्टी मिळाली आणि तिच्यावर खात्याचे नाव कोरलेले असेल, तर ती चपरास आहे. पट्ट्यावर ती लावून फिरणारा तो चपराशी. शब्द उरला आणि वस्तू भंगारात गेली.

१७. लोखंडी टोकदार तुकडा सापडला आहे. तो बाणाचे टोक आहे हे कशावरून ठरवावे?

बाणाग्राला काडीत बसण्याची सोय असावी लागते. ती दोन प्रकारची असते, काडीत घुसणारी बारीक शेपटी किंवा काडीवर चढणारी पोकळ नळी. वजनही महत्त्वाचे आहे. फार जड टोक बाणाला खाली ओढते, म्हणून हाताच्या बोटापेक्षा जाड आणि जड वस्तू असेल तर भाल्याचा विचार करावा. चौकोनी छेदाचे, सुईसारखे लांब टोक चिलखत भेदण्यासाठी असते, रुंद पाते शिकारीसाठी किंवा घोड्यासाठी.

आमच्याकडे आलेल्या ‘बाणाग्रां’पैकी पुष्कळशी पराणीची आर निघाली, म्हणजे बैल हाकण्याच्या काठीचे लोखंडी टोक. तिलाही काठीत बसायला शेपटी असते, पण पाते नसते. त्याखालोखाल चरख्याची चाती आणि कुंपणाच्या गजांवरचे ओतीव भाले येतात. ओतीव लोखंडाला साच्याची शिवण दिसते, घडवलेल्याला ती नसते. बाणाग्र खरे ठरले तरी काळ सांगणे कठीण आहे, कारण लोखंडी बाणाचा आकार शतकानुशतके फारसा बदलला नाही आणि बंदुका आल्यावरही धनुष्य लगेच गेले नाही. येथे सोबतची खापरे बाणापेक्षा जास्त बोलतात.

१८. दगडाचे धारदार त्रिकोणी तुकडे टेकडीवर विखुरले आहेत. ही अश्मयुगातली बाणाग्रे आहेत का?

ग्वाल्हेरात या प्रश्नाला सावधपणे उत्तर द्यावे लागते, कारण येथल्या खडकांतच चर्ट आणि जास्पर यांचे पट्टे आहेत. भूशास्त्रात ज्याला ग्वाल्हेर समूह म्हणतात, त्यातल्या मुरार स्तरांत ते भरपूर आढळतात. हा दगड उन्हापावसाने, गुरांच्या पायाखाली आणि गिट्टीच्या यंत्रातही धारदार कपच्यांतच फुटतो.

माणसाने काढलेल्या कपचीवर जेथे घाव बसला तेथे एक लहान पसरट फुगवटा असतो आणि त्यापासून शिंपल्यासारख्या लाटा निघतात. त्याहून खात्रीची खूण म्हणजे एकाच काठावर ओळीने काढलेले बारीक टवके. ते निसर्ग क्वचितच इतक्या शिस्तीने काढतो. परदेशी संकेतस्थळांवर दिसणारी, बुडाशी खाचा असलेली मोठी दगडी बाणाग्रे येथे शोधू नयेत. आपल्याकडची सूक्ष्म अवजारे एक ते चार सेंटिमीटरची, चंद्रकोरीच्या, त्रिकोणाच्या किंवा समलंब आकाराची असतात आणि ती लाकडी काडीच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवत. म्हणजे एक तुकडा हे पूर्ण बाणाग्र नसून त्याचा एक दात असे. मूळ गाभ्याचा दगड आणि वाया गेलेल्या कपच्या एकाच जागी दिसल्या तर ती अवजारे घडवण्याची जागा आहे. काही न उचलता कळवावे.

१९. लोखंडी वस्तूवर बाणाचे चिन्ह ठोकले आहे. ती कोणत्या राजाची?

तो राजा नसून भांडार आहे. तीन रेघांचा रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण होती, आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. तोफेपासून कुदळीपर्यंत सगळ्यांवर ती आढळते. नाण्यावरच्या धनुष्यबाणाशी तिचा संबंध नाही, त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

२०. शिशाची गोळी आणि काडतूस ओळखता येते का?

गोळीचा व्यास मोजावा. सुमारे १७ मिलिमीटरची, तीस-बत्तीस ग्रॅमची गोल गोळी कंपनी सरकारच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची असते. सुमारे १४ मिलिमीटरची, लांबट, बुडाशी पोकळ गोळी एन्फिल्ड रायफलची, म्हणजे १८५३ नंतरची, त्यामुळे ती १८४३ च्या लढाईतली असू शकत नाही. याखेरीजच्या लहानमोठ्या, ओबडधोबड गोळ्या तोड्याच्या बंदुकांच्या. त्या ज्याच्या त्याच्या नळीप्रमाणे ओतल्या जात.

पितळी काडतुसाच्या बुडावर अक्षरे असतात. ‘के एफ’ म्हणजे खडकीचा कारखाना. काडतूस रिकामे नसेल, किंवा तोफगोळा पोकळ वाटत असेल, तर येथे उत्तर संपते. हात लावू नये, हलवू नये आणि पोलिसांना बोलवावे. जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, ते कितीही जुने असो.

२१. सहा टोकांचा काशाचा तारा, मध्ये चांदीचा लहान तारा आणि ‘२९ डिसेंबर १८४३’. हे बटण आहे की बिल्ला?

ते पदक आहे, ‘ग्वाल्हेर स्टार’. दोन्ही लढायांत हस्तगत केलेल्या तोफांच्या धातूतून ते ओतले होते. एका प्रकारावर महाराजपूर आणि दुसऱ्यावर पानिहार असे इंग्रजीत असते, आणि पाठीवर शिपायाचे नाव व पलटण कोरलेली असते. आपल्याच तोफा वितळवून जिंकणाऱ्यांच्या छातीवर लावल्या गेल्या, हे हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. नक्कल ओळखण्यासाठी पाठीवरचे नाव आणि ती पलटण त्या लढाईत होती का, हे ताडून पाहावे. प्रश्न ९ मधले आकडे येथे उपयोगी पडतात.

२२. वस्तूची किंमत सांगाल का? विकता येईल का?

किंमत सांगत नाही. विक्रीबद्दल एवढे लक्षात घ्यावे की १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाखाली पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणूनही नाही. कोणती वस्तू शंभरी ओलांडते, ते प्रश्न ७ ते १४ वरून ठरवावे.

२३. प्रत्यक्ष कोणाला दाखवावे?

तुलनेसाठी किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातले राज्य पुरातत्त्व संग्रहालय सर्वांत सोयीचे आहे. पवायाच्या वस्तू तेथे आहेत आणि काचेपलीकडे का होईना, खरा नमुना डोळ्यांखालून जातो. संस्थानकाळच्या वस्तूंसाठी जयविलास महालातले संग्रहालय पाहावे. जिवाजी विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व यांचा विभाग आहे. जाताना वस्तूबरोबर प्रश्न ६ मध्ये सांगितलेली टिपणे न्यावीत, आणि प्रश्न ३ लागू होत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या पत्राची पोचही.